हरमलचं लुक आफ्टर

शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात ते घरात रिकाम्या बाटल्या साठाव्यात तसे. एकही मुद्दाम आणलेला नसतो आणि टाकवत तर कुठलाच नाही. मग कोणी पाहुणा आला की एकेक काढून पुसायचा आणि दाखवायचा. आज तुम्ही आलाच आहात, तर बसा.

दिवसा मी पेडण्यात शाळेत इंग्रजी शिकवते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी हरमलला मोठ्या माणसांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत. माणसं येऊन-जाऊन असतात, पण तिघं कधी चुकत नाहीत. एक सुगंधा वहिनी. समुद्राच्या वाटेवर त्यांच्या तीन खोल्या आहेत, त्या टुरिस्टांना भाड्याने देतात. दुसरा मारुती, चंदगडकडचा गवंडी. एका दिल्लीवाल्याचा बंगला बांधतोय. आणि तिसरा दत्ताराम, पायलट.

पायलट म्हणजे विमानाचा नव्हे हो! आमच्या गोव्यात मोटारसायकलच्या मागे माणूस बसवून भाड्याने सोडतो, त्याला पायलट म्हणतात. दत्तारामने अर्ध्या जगाला हरमल दाखवलंय. पण आता टुरिस्ट स्वतःच स्कूटर भाड्याने घेतात आणि रस्ता फोनला विचारतात. दत्ताराम वडाखाली गाडी पुसत बसतो. गाडी एवढी चकचकीत की बघवत नाही.

तेवढ्यात विमानतळाच्या वाटेवर एक मोठं हॉटेल उघडलं. पाहुण्यांना आणायला, फिरवायला, त्यांचं हवं-नको बघायला माणूस हवा होता. इंटरव्ह्यू इंग्रजीत. दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून गेला. त्यांनी म्हटलं, स्वतःबद्दल सांगा. ह्याची जीभ टाळ्याला चिकटली. समोरचा ग्लास उचलून सगळं पाणी प्यायला, नमस्कार केला आणि घरी आला. इंटरव्ह्यू कसा झाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "पाणी बरां थंड होतां."

आम्ही हसलो. मग एकदा बाजारात त्याची बायको रेश्मा भेटली. म्हणाली, हॉटेलवाले पुन्हा बोलावणार आहेत, पण ह्यावेळी जमलं नाही तर तो गाडी विकून मस्कतला मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये जाणार. पन्नाशीला आलेला माणूस! ज्याला म्हापशात एक रात्र काढावी लागली तर सकाळी आजारी दिसतो, तो मस्कतला काय करणार? त्या दिवसापासून तो क्लास सगळ्यांचा राहिला नाही, दत्तारामचा झाला.

मी नियम केला. वाक्य पाठ करायचं नाही. ते खऱ्याखुऱ्या माणसाला जाऊन म्हणायचं आणि काय झालं ते पुढच्या क्लासला सांगायचं. पहिल्या आठवड्याला दिलं 'लुक आफ्टर'. म्हणजे सांभाळणं. दर आठवड्याला एक नवीन द्यायचं असा माझा बेत होता. दुसऱ्या आठवड्यात मी फळ्याकडे वळले तर सुगंधा वहिनींनी खडूचा डबाच मिटला. "टीचर, ह्या एकात सगळां येता. दुसरां कित्याक?"

झालं! तेव्हापासून आम्ही तिथेच आहोत.

* * *

पहिला नंबर वहिनींचाच. त्यांच्याकडे एक ताडमाड ऑस्ट्रेलियन पोरगा उतरला होता. तो हंपीला निघाला आणि मोठी सॅक ठेवून जाऊ का म्हणून विचारू लागला. वहिनी संधीच बघत होत्या. "यस. आय लुक आफ्टर."

पोरगा गेला. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, कारापूरला. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? सॅक खोलीत टाकून कुलूप लावलं असतं. वहिनी सॅक घेऊन लग्नाला गेल्या.

सगळे नातेवाईक टेम्पोत दाटीवाटीने बसलेले आणि सॅकला खिडकीची जागा. हॉलमध्ये तिला पुढच्या रांगेत खुर्ची. नवरदेवाचे काका उभे होते, ते दोनदा खाकरले. वहिनींनी लक्ष दिलं नाही. मी नंतर विचारलं, अहो, घरी ठेवली असती तर काय बिघडलं असतं? तर माझ्यावरच डोळे वटारले. "सांभाळतंय म्हणान सांगलंय आणि कुलूप लावन गेलंय, तर तां सांभाळणां कसलां?"

पोरगा हंपीहून परत आला. वहिनींनी त्याला फोनवर फोटो दाखवले. नवरानवरीच्या बाजूला सॅक. विहिणींच्या मधोमध सॅक. एका फोटोत तर सॅकवर अक्षता पडलेल्या दिसत होत्या. त्याने सगळे फोटो नीट बघितले आणि गंभीरपणे विचारलं, तिला जेवण आवडलं का?

वहिनी म्हणाल्या, "बॅग नो ईट. आय ईट टू टाइम्स."

तो पोरगा दुसऱ्या दिवशी निघणार होता. सीझन संपेपर्यंत राहिला.

* * *

मारुतीचा बंगलेवाला दिल्लीत बसून रोज बांधकामाचा फोटो मागायचा. मारुतीने एक दिवस फोनवर त्याला वाक्य ऐकवलं, "सर, आय लुक आफ्टर युवर हाउस." मालक खूश. मारुतीही खूश.

पण आता शब्द दिला होता! घराला दृष्ट लागली तर जबाबदारी मारुतीची. म्हणून त्याने रिवाजाप्रमाणे बांधकामावर बुजगावणं उभं केलं. पेंढा भरला, डोक्याला मडकं लावलं. कपडे कुठून आणायचे? मागच्या खेपेला मालक आपला एक गुलाबी टी-शर्ट, हाफपँट आणि गॉगल साइटवर विसरून गेला होता. मारुतीने ते चढवले. मडक्याला काजळाने मिशी काढली. मालकाला मिशी होती, म्हणून.

संध्याकाळी फोटो गेला. दोन मिनिटांत दिल्लीहून फोन. माझ्या गच्चीवर हा माणूस कोण उभा आहे? आणि माझे कपडे घालून?

मारुती सांगतो, "टीचर, मी जरा बी घाबरलो न्हाई बगा. बोललो, सर, ही लुक आफ्टर. आय ओन्ली वर्क."

मालकाने म्हणे फोटो पुन्हा उघडून बघितला. मग त्याने विचारलं, हा माणूस रात्रीही थांबतो का? मारुतीने सांगितलं, रात्रंदिवस, सुट्टी नाही, चहासुद्धा मागत नाही. तेव्हा मालक म्हणाला, असा आणखी एक मिळाला तर बघ, गुरगावच्या प्लॉटवर हवाय.

* * *

ह्याच मारुतीने पुढच्या आठवड्यात जे केलं ते ऐकून वहिनींनी डोक्याला हात लावला होता. नियम काय, तर खऱ्या माणसाला म्हणायचं. मारुतीला दुसरं माणूस सापडलं नाही. त्याने गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावला, तिचं भाकरीचं पीठ कसं आहे, म्हशीचं दूध कसं आहे ते विचारलं आणि मधेच म्हणाला, "आय लुक आफ्टर यू."

तिने अर्थ विचारला. ह्याने मराठीत सांगितला, मी तुला सांभाळीन. तिने फोन ठेवून दिला.

आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने बाई हरमलला हजर! सोबत भाचा, भाकऱ्यांचं गाठोडं आणि गावच्या देवाचा अंगारा. आधी मारुतीचं कपाळ बघितलं, ताप आहे का. मग हात-पाय बघितले, कुठून पडला का. मग मुकादमाला बाजूला घेऊन विचारलं, पिऊ लागलेत का? इतक्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून असलं वाक्य कधी आलं नव्हतं. आलं म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर घडलं असणार, असा तिचा सरळ हिशोब.

मारुती लाजून लाल. संध्याकाळी तिला क्लासला घेऊन आला. खरं सांगते, ती मागच्या बाकावर पदर सावरून बसली आणि त्याच्याकडे अशी बघत होती की मला फार बरं वाटलं. शिकवायचं मी विसरलेच.

जाताना तिने मला गाठलं. "बाई, आनी काय काय शिकवनार हाय ते आदी सांगून ठेवा. म्हंजे मी कपडे भरूनच येते."

* * *

मधल्या काळात दत्ताराम मात्र तोंड उघडत नव्हता. क्लासमध्ये मान हलवायचा, वडाखाली गाडी पुसायचा. अखेर एक दिवस त्याला भाडं मिळालं. फ्रान्सची की कुठली तरी एक प्रौढ बाई, तिला केरीच्या किनाऱ्यावर जायचं होतं. दत्तारामने गाडीला किक मारली, देवाचं नाव घेतलं आणि म्हणून टाकलं, "मॅडम, आय लुक आफ्टर."

केरीला उतरवून त्याने परत यायचं होतं. आला नाही. बाई पाण्यात उतरली, हा काठावर उभा. ती जरा खोल गेली की हा शिट्टी वाजवायचा. ती दचकून मागे यायची. ती वाळूत आडवी झाली तर हा दहा हातांवर पाठ करून उभा, कारण बघणं बरं नव्हे आणि सोडून जाणंही बरं नव्हे. ती तेरेखोलच्या फेरीबोटीत चढली, हाही चढला. तिने पलीकडे चहा घेतला, हा शेजारच्या टेबलावर. ती परतीच्या बोटीत आली, आणि हा तिच्या आधीच येऊन बसलेला!

केरीला उतरताच बाईने थेट लाइफगार्ड गाठला. हा माणूस सकाळपासून माझा पाठलाग करतोय. लाइफगार्डने दत्तारामला विचारलं, तेही त्या बाईसमोर, इंग्रजीत. ह्याची जीभ पुन्हा टाळ्याला! सगळं इंग्रजी आटलं. शिल्लक राहिले दोनच शब्द. हा आपला हात जोडून, "लुक आफ्टर. लुक आफ्टर."

नशिबाने लाइफगार्ड रेश्माचा चुलतभाऊ निघाला. त्याने बाईला समजावलं. बाई आधी बघत राहिली, मग इतकी हसली की तिला वाळूत बसावं लागलं. परत हरमलला दत्तारामच्याच गाडीवरून आली. उतरताना तिने त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाली, आता पुरे, आता मी स्वतःला सांभाळते.

क्लासमध्ये त्याने हे सगळं सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसत होतो. मी म्हटलं, अरे माणसा, केरीला सोडलंस तिथे तुझं काम संपलं होतं! दत्ताराम हसला नाही.

"टीचर, लुक आफ्टर सुरू कसां करूचां तां तुमी शिकयलात. तां संपता कधी, तां खंय शिकयलात?"

मी फळा पुसायला घेतला.

* * *

एकदा मलाच हौस आली. बहिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला डिचोलीला जायचं होतं, दोन दिवस. मी तिघांनाही वेगवेगळं सांगितलं, प्रॅक्टिस म्हणून, प्लीज लुक आफ्टर माय हाउस, किल्ली कुंडीखाली आहे. तिघांना तिघांचं माहीत नव्हतं, ही माझी अक्कल!

मी परत आले. घर ओळखू येईना. जनेलांचे, म्हणजे खिडक्यांचे, पडदे धुऊन वाळत घातलेले, ते वहिनींनी. फ्रिजमध्ये एवढे बांगडे की दार लागेना, ते दत्तारामने. आणि बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, कोपऱ्यात एक पक्का सिमेंटचा कट्टा उभा राहिलेला. मला कट्टा नको होता. मारुतीला पोती उरलेली दिसली, म्हणून.

एवढ्यात शेजारची कृष्णाबाय आली. आदल्या संध्याकाळी तुझ्या घरात चोर शिरले होते म्हणाली, काळोखात तोंडं दिसली नाहीत. दोन. एक आत काहीतरी ठेवत होता, दुसरा पायरीवर उभा. एकाने विचारलं, हू आर यू? दुसरा म्हणाला, आय लुक आफ्टर. पहिला म्हणाला, नो, आय लुक आफ्टर. दिवे लावायच्या वेळेपासून दोघांची जुंपली होती आणि कोणी मागे हटेना.

आता हे दोघं, दत्ताराम आणि मारुती, क्लासमध्ये एका बाकावर बसतात! पण जाताना मी हा गृहपाठ इंग्रजीत करायला सांगितला होता, म्हणून एकमेकांशी इंग्रजीच बोलायचं, असं दोघांनीही मनाशी ठरवलेलं. ओळख दाखवायला मराठीत यावं लागलं असतं.

कृष्णाबाय म्हणाली, "गे टीचर, चोर पण शिकलेले हां! तासभर झगडले, पण एकानय शिवी म्हणान दिल्यान नाय."

मी मात्र त्या रात्री कट्ट्यावर बसून सुखाने बांगडे खाल्ले. कारण तासभर! दत्ताराम तासभर इंग्रजीत बोलला होता.

* * *

आणि हॉटेलवाल्यांनी त्याला दुसऱ्यांदा बोलावलं.

आम्ही तिघंही बरोबर गेलो. काचेच्या खोलीबाहेर सोफ्यावर बसलो, वहिनींच्या पिशवीत देवाचं फूल. खोलीचं दार नीट लागत नव्हतं. बिजागरी बसलीय, असं मारुती पुटपुटला. त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. आत दिल्लीचा तरुण मॅनेजर, टेबलाच्या कोपऱ्यात त्याचा एकट्याचा अर्धवट खाल्लेला डबा, आणि त्याच्या बाजूला एच.आर.ची मुलगी, ब्लेझर घातलेली, डिचोलीची.

मॅनेजरने नाव विचारलं. दत्तारामने सांगितलं. मग त्याने विचारलं, आमच्या पाहुण्यांना तुम्ही कसं लुक आफ्टर कराल?

वहिनींनी माझा हात दाबला. आमचाच शब्द! पण आत काहीच ऐकू येईना. मी काचेतून बघितलं. दत्तारामची जीभ गेली होती. मान खाली, कपाळावर घाम. मॅनेजरने घड्याळ बघितलं. मला समोर मस्कत दिसायला लागलं.

आता एक सांगायला हवं. आमच्या भागात काहीही सुरू करायचं, विहीर असो, नवी गाडी असो, क्रिकेटची टूर्नामेंट असो, आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण उभा राहून देवाला खणखणीत आवाजात सांगतो, ह्या लेकरांना सांभाळ, म्हाराजा. तो थांबला की जमलेले सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. हे कोणी ठरवून म्हणत नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं, ते आपोआप बाहेर पडतं. हरमलात गाऱ्हाणं घालायला लोक एकाच माणसाला बोलावतात. दत्तारामला. तिथे त्याची जीभ जन्मात कधी अडलेली नाही.

तर दत्ताराम खुर्चीवरून उठला. मला वाटलं, चालला घरी. तो टेबलासमोर ताठ उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले आणि त्या एसीच्या खोलीत त्याचा आवाज घुमला.

"हे देवा म्हाराजा! टुडे धिस हॉटेल इज स्टँडिंग ऑन युवर लँड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ब्लेझरमधली मुलगी ओरडली. ओरडली आणि स्वतःच दचकली. पण तिचे हात जोडले गेले होते.

"गेस्ट कमिंग फ्रॉम फार फार कंट्री. टायर्ड. नो स्लीप. यू लुक आफ्टर देम, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आम्ही तिघंही उभे. चंदगडचा मारुतीसुद्धा. पलीकडून बॅगा वाहणारा पोऱ्या आणि गेटवरचा सिक्युरिटीही त्यात मिसळले.

"देअर बॅग, देअर पासपोर्ट, देअर स्मॉल स्मॉल चिल्ड्रन. ऑन रोड, इन वॉटर, ऑन फेरी. लुक आफ्टर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"स्टाफ मेक मिस्टेक, यू पुट इन युवर स्टमक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दत्ताराम थांबला. श्वास घेतला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "अँड धिस सर. हिज हाउस फार. हिज मदर फार. एव्हरी डे ईटिंग अलोन. हिम ऑल्सो लुक आफ्टर, म्हाराजा!"

ह्यावेळी कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. वहिनी डोळे पुसत होत्या. काचेच्या आत मॅनेजर खुर्चीत टेकून बसला होता, तो सावकाश पुढे सरकला आणि अगदी हळू म्हणाला, "येस म्हाराजा."

मग त्याने घसा साफ केला, टाय सारखा केला, समोरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. "थँक यू, मिस्टर दत्ताराम. वी विल लेट यू नो."

दत्तारामने डोळे उघडले.

"नो, सर. यू सेड येस म्हाराजा. इन फ्रंट ऑफ गॉड. टुमारो मॉर्निंग आय कम."

आणि मॅनेजरने काही बोलायच्या आत डिचोलीची मुलगी, हात अजून जोडलेलेच, म्हणाली, "व्हय म्हाराजा!"